कायोटींच्या शेजारात कुत्रा, मांजर आणि तंबू कसा सांभाळावा

कॅलिफोर्निया, टेक्सास, कोलोरॅडो किंवा शिकागोच्या उपनगरात नवीन घर घेतलं की शेजारी कचऱ्याचा वार सांगतो आणि लगेच दुसरी सूचना देतो, "रात्री मांजर बाहेर सोडू नका, इथे कायोटी फिरतात." भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा विचारतात, हा कुठला प्राणी? आपल्या कोल्ह्याचाच भाऊबंद, अंगापिंडाने थोडा मोठा. वजन साधारण 9 ते 20 किलो, पश्चिमेकडचे हलके, पूर्वेकडचे थोराड. टोकदार कान, काटक पाय, झुपकेदार शेपूट. पळताना ही शेपूट खाली असते, लांबून ओळखायला ही खूण बरी पडते.

हवाई सोडलं तर अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात तो आहे. शिवाय कॅनडात, मेक्सिकोत, खाली पनामापर्यंत. शिकागो परिसरात 2000 सालापासून ओहायो स्टेट विद्यापीठाचे स्टॅन्ली गेर्ट आणि त्यांचे सहकारी कायोटींना कॉलर लावून त्यांचा माग ठेवत आहेत. भर शहरातही हा प्राणी राहतो, बहुतेक रात्री हिंडतो आणि होता होईल तो माणसाला टाळतो, हे त्यांच्या कामातून नीट पुढे आलं. म्हणजे तुमच्या सोसायटीत तो नाही असं वाटत असेल, तर तो फक्त दिसलेला नाही.

भीती किती बाळगायची, तेही आधीच सांगते. कायोटीने माणसाचा जीव घेतल्याच्या नोंदलेल्या घटना दोन: 1981 साली कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडेलमध्ये 3 वर्षांची मुलगी आणि 2009 साली कॅनडाच्या नोव्हा स्कॉशिया प्रांतातल्या केप ब्रेटन हायलँड्स राष्ट्रीय उद्यानात 19 वर्षांची तरुण गायिका. चावे अधूनमधून होतात, पण पाळीव कुत्र्यांच्या चाव्यांपुढे ती संख्या काहीच नाही. मांजर आणि छोट्या कुत्र्याचं गणित मात्र वेगळं आहे. दहा किलोच्या आतलं जनावर त्याला भक्ष्य वाटू शकतं. लॅब्रेडॉरएवढा कुत्रा त्याच्या लेखी हद्दीत घुसलेला प्रतिस्पर्धी असतो.

आधी अंगणातलं खाणं बंद करा

बाकी सगळे उपाय यानंतर. मुक्या जनावराला घास घालावा, उरलेली पोळी-भात पाखरांना टाकावा, पितृपक्षात कावळ्याला पान ठेवावं, हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. अमेरिकेतल्या मागच्या अंगणात त्या भातावर आधी खारी-उंदीर येतात, मग त्यांच्या मागोमाग कायोटी. चार दिवस घास मिळाला की पाचव्या दिवशी तो दिवसाढवळ्या येऊन उभा राहतो, आणि माणूस दिसला की पळण्याऐवजी जवळ सरकतो. असा धीट झालेला कायोटी पकडून लांब रानात सोडतील, अशी समजूत असते. कॅलिफोर्नियात परवानगीशिवाय तसं करणं बेकायदा आहे. लोकांच्या अंगावर जाऊ लागलेल्या कायोटीला बहुतेक वेळा ठार मारतात. म्हणून त्याला खाऊ घालण्यात भूतदया नाही. पाहुण्या आजी-आजोबांना हे पहिल्याच आठवड्यात, जरा समजुतीने, सांगून ठेवा. कावळ्याचं पान ठेवायचंच असेल तर समोर उभं राहावं आणि उरलेलं लगेच उचलावं.

मग अंगणात एक चक्कर मारा. कुत्र्या-मांजरांची भांडी बाहेर राहिली आहेत का? पाण्याचंसुद्धा, विशेषतः कोरड्या भागात. अंजीर, पेरू, अव्होकाडो यांची पडलेली फळं रोज उचलावी लागतात, कायोटी फळं मिटक्या मारत खातो. पक्ष्यांच्या दाणापात्राखाली सांडलेले दाणे उंदरांना बोलावतात. कंपोस्टला झाकण हवं, त्यात मटणाची हाडं नकोत. कचऱ्याचा डबा आदल्या रात्री नव्हे, त्याच सकाळी बाहेर काढावा. उंदरांसाठी विष मात्र ठेवू नका. विष खाल्लेला उंदीर कायोटी, घुबड किंवा तुमचं मांजर, कोणीही खाऊ शकतं.

कुंपण निदान 6 फूट उंच हवं. कायोटी चढण्यात पटाईत असतो, म्हणून वरच्या कडेला फिरती नळी बसवतात. पंजा ठेवला की ती गरकन फिरते आणि त्याला पकड मिळत नाही. खालून उकरू नये म्हणून फूट-दीड फूट जाळी बाहेरच्या बाजूला वळवून पुरतात. एवढं करूनही छोट्या कुत्र्याला अंगणात एकटं सोडू नका, रात्रीची शू करायला बाहेर काढतानाही पट्टा आणि टॉर्च हातात असू द्या. मांजराचं उत्तर सोपं आहे: घरात. फारच कुरकुर करत असेल तर खिडकीला लागून जाळीचा बंद कठडा करून द्या.

फिरायला नेताना

6 फुटांचा साधा पट्टा वापरा. बटण दाबून सैल होणारा लांब पट्टा इथे कामाचा नाही, कुत्रा वीस फूट पुढे झुडपात असताना तुम्ही काही करू शकत नाही. पहाटे आणि तिन्हीसांजेला कानात इअरफोन नको. आणि एक घरगुती हत्यार जवळ ठेवा: सोड्याच्या रिकाम्या कॅनमध्ये मूठभर चिल्लर घाला, तोंडावर जाड टेप लावा, झालं. दोनदा जोरात हलवून बघा, घरातलेच दचकतील. शिट्टी किंवा छोटा एअर हॉर्नही चालतो. छत्रीही उत्तम, फटकन उघडली की समोरचा एकदम मोठा दिसतो.

कायोटी समोर आला तर हा क्रम लक्षात ठेवा:

1. थांबा. पळू नका, पाठ फिरवू नका. पळणाऱ्याच्या मागे लागणं ही त्याची सवय आहे.
2. छोटा कुत्रा किंवा लहान मूल उचलून घ्या. मोठ्या कुत्र्याचा पट्टा आखडून त्याला पायाशी घ्या.
3. हात वर करा, जॅकेट पसरा, त्याच्याकडे रोखून बघत खर्जात ओरडा. मराठीत ओरडलं तरी चालतं, "हट! चल निघ!" त्याला नीट पोचतं. किंचाळू नका, पातळ आवाज घाबरल्यासारखा वाटतो.
4. हलला नाही तर कॅन वाजवा, दोन पावलं त्याच्या दिशेने टाका, खडा त्याच्या आसपास मारा, अंगावर नाही.
5. तो दिसेनासा होईपर्यंत हे चालूच ठेवा.

पाचव्या पायरीवरच लोक चुकतात. कायोटी दहा पावलं मागे सरून वळून बघतो, आपल्याला वाटतं गेला, आणि आपण मोबाइल काढून फोटो घेतो. एवढ्यात तो शिकतो की माणसाचा आरडाओरडा पोकळ असतो. पुढच्या वेळी त्याला हाकलायला दुप्पट जोर लागतो. तसंच, आवाज कुठून आला हे त्याला दिसलं पाहिजे, खिडकीआडून डबा वाजवून काही साधत नाही.

मार्च-एप्रिलपासून नियम बदलतो

कायोटींची जोडी जानेवारी ते मार्चमध्ये जमते, गर्भकाळ साधारण 63 दिवसांचा, पिल्लं एप्रिल-मेच्या सुमारास होतात. तिथून उन्हाळाभर आई-बाप बिळाजवळ पहारा देतात. या दिवसांत पायवाटेवर एखादा कायोटी ठरावीक अंतर राखून तुमच्या मागे मागे येतो. अंतर कमी करत नाही, पळतही नाही. कुत्र्याकडे टक लावून बघतो. फार जवळ गेलात तर पाठीची कमान करतो, डोकं खाली घालतो, जबडा वासून फिस्कारतो. ही शिकार नव्हे. बीळ जवळ आहे, निघा, एवढंच तो सांगतो. अशा वेळी ओरडून, खडे मारून त्याला हटवू पाहणं चुकीचं, तो पिल्लं सोडून जाणारच नाही. कुत्रा उचला किंवा पायाशी घ्या, तोंड त्याच्याकडे ठेवून शांतपणे आल्या वाटेने परत फिरा आणि पुढचे काही आठवडे दुसरा रस्ता धरा. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रेसिडिओ उद्यानात पिल्लांच्या हंगामात काही पायवाटा कुत्र्यांसाठी बंदच ठेवतात. पाटी दिसली की "आमचा टॉमी शांत आहे" हा युक्तिवाद करू नये. टॉमी शांत आहे हे कायोटीच्या आईला माहीत नसतं.

"एक कायोटी खेळायच्या मिषाने कुत्र्याला भुलवून नेतो आणि कळप टपून बसलेला असतो," ही गोष्ट प्रत्येक मंडळाच्या सहलीत कोणीतरी रंगवून सांगतं. प्रत्यक्षात पट्टा नसलेला कुत्रा एका कायोटीच्या मागे धावतो, तो आपल्या कुटुंबाच्या दिशेने पळतो, आणि तिथे बाकीचे असतात. कट वगैरे काही नाही. कुत्रा पट्ट्याला असेल तर ही गोष्ट घडतच नाही.

तंबू ठोकताना

आरक्षण करण्याआधी कुत्र्याचे नियम वाचा, निम्मे घोळ तिथेच होतात. योसेमिटी किंवा जॉशुआ ट्रीसारख्या राष्ट्रीय उद्यानांत कुत्र्याला बहुतेक पायवाटांवर मज्जाव असतो. कॅम्पग्राउंड आणि रस्त्यांच्या आसपास तो चालतो, तोही 6 फुटांच्या पट्ट्यावर, आणि त्याला बांधून तुम्ही फिरायला निघून जाऊ शकत नाही. कुत्र्यासह डोंगर चढायचा असेल तर नॅशनल फॉरेस्ट, म्हणजे उद्यानाहून वेगळं सरकारी जंगल, सहसा सोयीचं पडतं.

आपल्या लोकांच्या कॅम्पिंगला स्वयंपाक दणक्यात होतो. पंधरा माणसं, पावभाजी, वर भजी. हरकत नाही, पण तंबूपासून लांब शिजवा, आणि झोपायच्या आधी कोणातरी एकावर आवराआवरीची जबाबदारी टाका. "सगळे मिळून करू" म्हटलं की तवा रात्रभर बाहेर राहतो. बटर लागलेला तवा पुसून धुवायचा, खरकटं पाणी झुडपात न ओतता ठरवलेल्या जागी टाकायचं. कूलर, चिवड्याचा डबा, टूथपेस्ट आणि कुत्र्याचं खाणं, रिकाम्या वाडग्यासकट, आत बंद. योसेमिटीत अस्वलांमुळे रात्री हे सगळं लोखंडी पेटीतच ठेवावं लागतं, गाडीत चालत नाही. अस्वलं नसलेल्या ठिकाणी सहसा बंद गाडी पुरते. चपला-बूटही तंबूत घ्या, कायोटी घामट चामडं चघळायला उचलून नेतात. तंबूत मात्र खाण्याचं काहीही नको, मुलांच्या खिशातलं बिस्किटसुद्धा.

कुत्रा तंबूत तुमच्याबरोबर झोपेल. बाहेर खुंटाला बांधलेल्या कुत्र्याला ना पळता येतं, ना लढता. रात्री कोल्हेकुई सुरू झाली की दहा-बारा जण तंबूला वेढा घालून बसलेत असं वाटतं. दोन-तीन कायोटी सूर इतके बदलतात की कानाला मोठा जमाव वाटतो. बहुतेक वेळा ते एकमेकांना ठावठिकाणा कळवत असतात. कुत्रा गुरगुरला तर जवळ घ्या, तंबूची चेन उघडू नका.

डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानात रस्त्याकडेला कायोटी गाडीशी येऊन तोंडाकडे बघत उभे राहतात. गाडी थांबवू नका, काच खाली करू नका. तो गोड दिसतो, कारण आधीच्या कोणीतरी त्याला चिप्स दिल्या आहेत. राष्ट्रीय उद्यानात प्राण्याला खाऊ घालणं हा दंडनीय गुन्हाही आहे.

चावा बसलाच तर

कुत्र्याच्या अंगावर दोन बारीक भोकं दिसतात, रक्त फारसं नसतं, आणि घरचे म्हणतात सकाळी बघू. सकाळपर्यंत थांबू नका. दात आत शिरून जनावर झटकलं गेलं की कातडीखालचे स्नायू फाटतात, ते वरून दिसत नाही. त्याच रात्री इमर्जन्सी व्हेटकडे जा, रेबीजच्या लसीचे कागद सोबत न्या, बूस्टर बहुधा देतातच. एरवीही रेबीज, डिस्टेंपर आणि लेप्टोस्पायरोसिसच्या लसी वेळेवर झालेल्या असाव्यात.

माणसाला चावला तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि थेट इमर्जन्सी रूम गाठा. रेबीजची इंजेक्शनं लक्षणं दिसायच्या आधी घ्यावी लागतात, नंतर उपयोग नाही. प्राणी अजून समोर अंगावर येत असेल तर 911 या आणीबाणीच्या नंबरवर फोन करा. नाहीतर गावाच्या अॅनिमल कंट्रोलला (प्राण्यांच्या तक्रारी बघणाऱ्या खात्याला), आणि उद्यानात असाल तर रेंजरला, कळवा: जागा, वेळ, कायोटी किती होते, कुत्रा पट्ट्याला होता का, आसपास कुठे खाणं पडलेलं होतं का. हा शेवटचा प्रश्न ते हमखास विचारतात, कारण बऱ्याचदा त्यावरूनच कळतं की गल्लीतलं कोणतं घर त्याला जेवू घालतं आहे.