आकाशातला तो काळा ठिपका

फोटोत निळ्या आकाशात वरच्या उजव्या कोपऱ्यात एक करडा ठिपका दिसायला लागला. मी लेन्स तीनदा पुसली, ठिपका जागचा हलेना. लेन्स बदलली तरी तो तिथेच! तेव्हा कुठे ट्यूब पेटली: धूळ सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यात प्रतिमा टिपणाऱ्या चिपवर होती. एफ/२.८ ला (लेन्सचं छिद्र मोठं) ती दिसत नव्हती, एफ/१६ ला (छिद्र लहान) मात्र ठळक. छिद्र लहान झालं की धुळीची सावली रेखीव पडते.

बॅटरी पूर्ण चार्ज केली (मध्येच संपली तर उघडं शटर, म्हणजे सेन्सरपुढचा पडदा, सेन्सरवर मिटतं), लेन्स काढली, मेनूतून सेन्सर क्लीनिंग लावलं, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरलं आणि रबरी ब्लोअरने हवा मारली. तोंडाने फुंकर अजिबात नको, थुंकीचे शिंतोडे उडतात; मी आधी तेच करून बसलो होतो. सेन्सरवर प्रतिमा उलटी पडते, म्हणून फोटोत वर दिसणारा कण प्रत्यक्षात खालच्या बाजूला होता. पुन्हा एफ/२२ ला, फोकस मुद्दाम घालवून, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला. ठिपका गायब, पण माझ्या फुंकरीचा एक डाग शिल्लक! त्यासाठी सेन्सरच्या मापाचा स्वॅब (पुसायची मऊ पट्टी), सेन्सर साफ करायच्या द्रवाचे दोनच थेंब आणि एका दिशेने एकच हलका हात. हात थरथरत होता, पण डाग निघाला.