बाळाचे जन्मवजन कमी राहू नये म्हणून गरोदरपणात काय पाहावे

जन्माच्या वेळी २,५०० ग्रॅमपेक्षा कमी भरलेल्या बाळाला कमी वजनाचे बाळ म्हणतात. असे बाळ ३७ आठवड्यांआधीच जन्मलेले असते, किंवा दिवस भरूनही पोटात त्याची वाढ पुरेशी झालेली नसते. पैकी वाढ खुंटण्याची बरीच कारणे आईच्या रोजच्या राहणीत दडलेली असतात.

पाळी चुकल्यावर, गरोदरपणाच्या पहिल्या १२ आठवड्यांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात किंवा प्रसूतिगृहात नाव नोंदवावे. आईचे वय २० पेक्षा कमी असेल, उंची १४५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, आधीचे मूल लहानखुरे जन्मले असेल किंवा दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर नसेल, तर ते विचारण्याची वाट न पाहता सांगावे. सातव्या महिन्यात माहेरी, गावाला जाणाऱ्या मुंबईकरणी नाव नोंदवल्यावर मिळालेले कार्ड कपाटात विसरतात. ते आणि तपासण्यांचे कागद सोबतच न्यावेत.

हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली असेल, तर तो रक्तक्षय होय. चौथ्या महिन्यापासून किमान १८० दिवस घ्यायची लोहाची गोळी चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये, कारण मग लोह अंगी कमी लागते. लिंबू पिळलेल्या जेवणानंतर ती घेता येते. शौचाला काळे होते म्हणून अनेकजणी गोळी सोडतात, पण त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पाटीवरची पेन्सिल किंवा माती खाविशी वाटणे याला घरात डोहाळे म्हणून हसण्यावारी नेतात. ते डॉक्टरांना जरूर सांगावे. ‘कमी खा, बाळ लहान राहील, बाळंतपण सोपे जाईल’ हा सल्ला तर सरळ कानाआड करावा.

आता मोरीच्या फळीवरच्या मिश्रीच्या डबीकडे वळू. सकाळी बोटावर चिमूटभर घेऊन दातांना लावणारी बाई स्वतःला तंबाखू खाणारी समजत नाही, त्यामुळे ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला ती प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातील निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि वारेकडे (पोटात बाळाला पोसणाऱ्या अवयवाकडे) जाणारे रक्त कमी होते. म्हणून प्रश्न ‘मिश्री लावता का?’ असाच विचारावा, आणि सासूबाईही लावत असतील तर डबी दोघींनी मिळून टाकावी. एकटीने सोडणे फार अवघड जाते.

दारात ओढलेल्या बिडीचा धूर खोलीत येतोच, तेव्हा घरातल्या पुरुषांनी खाली जाऊन ओढणेही पुरेसे मानू नये, सोडावीच. एका खोलीच्या घरात स्वयंपाक करताना खिडकी उघडी ठेवावी आणि डासांसाठी धूर करणाऱ्या कॉइलऐवजी मच्छरदाणी लावावी, कारण पावसाळ्यातला मलेरियाही वारेला इजा करून बाळाची वाढ रोखतो. हिवाळ्यात मुंबईची हवा धुरकट असते. अशा दिवशी रस्त्याकडेचे किंवा बांधकामाजवळचे फिरणे टाळावे.

प्रत्येक तपासणीत वजन, रक्तदाब आणि पोटाची उंची कार्डावर लिहून घ्यावी. महिनाभरात वजन वाढले नाही, चेहऱ्यावर सूज आली, डोके सतत दुखू लागले किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.