स्काउट-गाइडच्या पहिल्या शिबिराआधी आईबाबांची तयारी

सगळ्यात आधी रविवार मोकळा करा. स्काउट-गाइडमध्ये कामाचं एकक म्हणजे सहा-आठ मुलांचा संघ, असे काही संघ मिळून पथक. तंबू असो की खेळ, गुण संघाला मिळतात. अर्धा रविवार क्लासला आणि उरलेला पथकाला दिला की तुमच्या मुलाचं काम बाकीच्यांच्या अंगावर पडतं. शनिवारी रात्रीच मेगाब्लॉक, म्हणजे रविवारी दुरुस्तीसाठी लोकल कुठे बंद आहेत, ते बघून ठेवा. ठाणे-नवी मुंबईच्या ट्रान्स हार्बर मार्गावर ब्लॉक असेल तर घणसोली-ऐरोलीहून ठाण्याला बसनं यावं लागेल, त्या हिशेबानं तासभर आधी निघा. ट्रॅफिकला सरावलेल्या ठाण्याच्या घोडबंदर रोडवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग संमतीपत्र. ते डोळे झाकून सही करून पाठवायचा कागद नाही. रक्तगट, दमा, कशाची ॲलर्जी, रोजची गोळी सगळं लिहा. फोन नंबर दोन द्या, त्यातला एक आईबाबांखेरीज कुणाचा तरी. धनुर्वाताचं इंजेक्शन १० व्या वर्षी झालंय का, ते लसीकरणाच्या कार्डावर पाहून घ्या. मूल अजून अंथरुण ओलं करत असेल तर स्काउटमास्तरांना बाजूला घेऊन सांगा. लपवलं तर रात्री त्रास त्यालाच. गाइडमधल्या मुलीला पाळी आली नसली तरी पॅड सोबत द्या आणि वापरायचं कसं ते आधी दाखवा. मुक्कामात मुलांबरोबर कोण मोठं माणूस असेल, मुलींसोबत गाइड कॅप्टन, म्हणजे त्यांच्या पथकाच्या बाई, राहणार का, हे बिनदिक्कत विचारा. नीट चालणाऱ्या पथकात या प्रश्नाचा कुणाला राग येत नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर आणि घरचा एक नंबर मुलाला तोंडपाठ हवा, कारण शिबिरात मोबाइल नसतो. नसलेलाच बरा.

सॅक मुलानंच भरायची. तुम्ही पलंगावर बसून फक्त यादी वाचा: ताट, वाटी, पेला, चादर, टॉर्च नि जादा सेल, मोज्यांच्या दोन जोड्या, डासांचं मलम, शिट्टी. टॉर्च कुठल्या कप्प्यात ठेवलाय हे अंधाऱ्या तंबूत त्यालाच आठवायला हवं, तुम्हाला नाही. प्रत्येक कपड्यावर मार्करनं नाव घाला. डब्यात दशम्या नाहीतर तिखटमिठाच्या पुऱ्या द्या, दहीभात नको, दुपारपर्यंत आंबतो. आजवर मूल घराबाहेर एकटं झोपलं नसेल तर महिनाभर आधी आजीकडे किंवा मावशीकडे एक रात्र राहू द्या.

गाठींच्या सरावासाठी घरात दोन-तीन मीटर दोरी असू द्या. रीफ नॉट ही दोन टोकं जोडायची गाठ, म्हणजे आधी उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर. बांधून झाल्यावर दोन्ही मोकळी टोकं आपापल्या दोरीला लागून पडली पाहिजेत. ती आडवी बाहेर निघाली तर गाठ चुकली, ताण आला की सरकेल. तुम्ही एवढं ओळखायला शिका. सोडून पुन्हा बांधायचं काम मुलाचं.

खरी कमाईच्या वेळी पालकांची खरी परीक्षा. मुलांनी छोटीमोठी कामं करून स्वतः पैसे मिळवायचे आणि ते पथकात जमा करायचे, असा हा उपक्रम. प्रत्यक्षात बरेच बाबा शंभराची नोट काढून मोकळे होतात. नका करू. शेजारच्या काकूंची सायकल पुसून मिळालेले वीस रुपये चालतील. सोसायटीत भेळेचा स्टॉल लावायचा असेल तर कांदा चिरताना शेजारी उभं राहा, पण गल्ला आणि गिऱ्हाईक मुलांकडे सोडा. सुट्ट्या पैशांचा घोळ होईल, चिंचेची चटणी संपेल, एखादे आजोबा घासाघीस करतील. होऊ द्या. लॉगबुकचं, म्हणजे मुलानं केलेल्या कामांच्या नोंदवहीचंही तसंच. आईच्या वळणदार अक्षरातलं लॉगबुक तपासणाऱ्याला पहिल्या पानावरच कळतं.

ठाण्याच्या येऊरच्या जंगलात पदभ्रमंती असेल तर पायथ्याच्या उपवन तलावापाशी मुलाला सोडून मागे फिरा. गाडी घेऊन वर फोटो काढायला जाऊ नका. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे बिबट्यांचा वावर आहे. संघ सोडून एकट्यानं कुठेही जायचं नाही, लघवीलासुद्धा जोडीनंच, हे घरून सांगून पाठवा. खाऊ हातात धरून चालायचं नाही, माकडं हिसकावतात. पाणी भरपूर द्या. कचऱ्यासाठी एक पिशवी द्या आणि ती भरून परत येऊ दे.

परतीला सांगितलेल्या वेळेआधी पोचा. सगळ्यात शेवटी उरलेलं मूल आणि त्याच्यासाठी थांबलेले सर, दोघंही दमलेले असतात. घरी येईपर्यंत प्रश्नांची सरबत्ती नको. काय शिजवलं आणि ते कुणाकुणाला खाता आलं, एवढं विचारलंत तरी बाकीचं आपोआप बाहेर येतं. कपडे त्यानंच बादलीत भिजत घालायचे. स्कार्फ वेगळा भिजवायला सांगा, नवीन असेल तर रंग जातो.