देवगडच्या लाईटहाऊसचा इतिहास कोल्हापुरातनं कसा शोधायचा

आपण देवगडला जातो, हापूसची पेटी घेतो, किल्ल्यात लाईटहाऊससमोर फोटो काढतो आणि अंधार पडायच्या आत घाट चढून घरी. पण त्या दिव्याची गोष्ट खरंच कळून घ्यायची असेल तर जरा तयारी करून जा.

आधी पुस्तकं. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं आहे, तिथनं सुरुवात करा आणि गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची सगळी माहिती देणारा सरकारी ग्रंथ, मागा. सिंधुदुर्ग नावानं शोधू नका, हा जिल्हा १ मे १९८१ ला रत्नागिरीतनं वेगळा झाला, त्यामुळं आधीचं सगळं रत्नागिरीतच सापडतं. मुंबई इलाख्याचं रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियर १८८० चं आणि लाईटहाऊस १९१५ चं, म्हणजे त्यात दिवा मिळणार नाही, बंदर आणि किल्ला मिळेल, तेही वाचाच कारण किल्ला १८१८ ला इंग्रजांकडं गेला आणि दिवा त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी आला. सरकारी कागद हवेत तर १९२७ हे साल धरा, त्या साली लाईटहाऊसचा कायदा झाला आणि पुढं मोठ्या दिव्यांचा कारभार केंद्राकडं गेला, म्हणून त्याआधीचे कागद मुंबईच्या पुराभिलेखागारात विचारायचे.

मग जायचं. गगनबावडा, वैभववाडी, तळेरे, नांदगाव, देवगड. लाईटहाऊसवर सोडायची वेळ आधी फोन करून विचारा. वर गेलात की भिंगाला हात लावू नका, नुसतं बघा, काचेच्या कड्या एकात एक बसवून उजेड सरळ क्षितिजाकडं फेकायची ही युक्ती १८२० च्या दशकात फ्रान्सच्या फ्रेनेलनं काढली. दिवसा पडदे का लावतात हेही विचारा, उन्हाचे किरण भिंगातनं एका जागी आले तर आग लागू शकते. तिथं दिवा सांभाळणाऱ्या काकांना नमस्कार करून निवांत विचारा, आधी दिवा तेलावर होता का रॉकेलच्या मेंटलवर (बत्तीच्या जाळीवर), वीज कधी आली, भिंग फिरवायला वजनावर चालणारं घड्याळासारखं यंत्र होतं का आणि त्याला चावी कोण द्यायचं. असल्या गोष्टी कागदावर क्वचितच असतात, माणसं रिटायर झाली की जातात, म्हणून लगेच तारखेसकट लिहून घ्या.

आणि एक रात्र राहाच. किनाऱ्यावर बसून मोबाईलचं स्टॉपवॉच लावा, एक झोत दिसल्यापासून तोच क्रम परत सुरू होईपर्यंत किती सेकंद जातात ते चार-पाच वेळा मोजा. शेजारच्या दिव्यांशी गल्लत होऊ नये म्हणून प्रत्येक दिव्याची चाल, म्हणजे झोतांचा क्रम आणि वेळ, वेगळी ठेवतात आणि ती खलाशांच्या दिव्यांच्या यादीत छापतात, जुनी यादी मिळाली तर तुमचा आकडा तिच्याशी लावून बघा, फरक दिसला तर मधल्या काळात दिव्यात काहीतरी बदल झालाय, तो कधी झाला ते पुढच्या फेरीत काकांना विचारायचं.