स्विचवर ‘पीओई’ लिहिलंय, तरी अ‍ॅक्सेस पॉइंट का बंद पडतो?

पीओई म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच उपकरणाला वीज देणं. छतावरचा अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय देणारा डबा) खाली उतरवा, स्विचशेजारी ठेवा आणि एका मीटरच्या चांगल्या पॅच कॉर्डने त्याच पोर्टला जोडा. इथे नीट चालला तर दोष भिंतीतल्या केबलचा किंवा क्रिम्पिंगचा, म्हणजे टोकाला प्लग बसवण्याचा. इथेही रडला तर स्विच आणि अ‍ॅक्सेस पॉइंटचं आपसात जमत नाहीये. नवी केबल ओढण्याआधी ही चाचणी कराच.

लाइटच लागत नाही

अ‍ॅक्सेस पॉइंटच्या पाठीवरचं लेबल वाचा. ८०२.३एएफ, एटी किंवा बीटी (ही पीओईची मानकं) असेल तर ठीक. ‘२४ व्होल्ट पॅसिव्ह’ (मानकाबाहेरची, न तपासता दिलेली वीज) असेल तर कारण तिथेच सापडलं. मानकाप्रमाणे चालणारा स्विच आधी थोडा व्होल्टेज सोडून पलीकडे सुमारे २५ किलो-ओहमचा रेझिस्टन्स आहे का ते तपासतो, मगच वीज देतो. फक्त पॅसिव्हवर चालणाऱ्या उपकरणात तो नसतो, त्यामुळे पोर्ट वीज देतच नाही. अशा उपकरणाला त्याचाच इंजेक्टर (केबलमध्ये वीज सोडणारा छोटा डबा) लावा. पण पॅसिव्ह इंजेक्टर काही न विचारता वीज सोडतो. ४८ व्होल्टचा इंजेक्टर २४ व्होल्टच्या उपकरणाला लावलात तर ते जळू शकतं.

चालू होतो, पण गर्दी झाली की रीस्टार्ट होतो

इथे वॅटचा हिशोब मांडा. एएफ पोर्टमधून १५.४ वॅट निघतात, उपकरणाला १२.९५ची खात्री. एटीमध्ये ३० निघतात, २५.५ पोहोचतात, मधले साडेचार केबल तापवण्यात जातात. वायफायच्या रेडिओवर ताण आला की मागणी वाढते, म्हणून रिकाम्या ऑफिसात केलेली चाचणी फसवते. काही मॉडेल एएफवर बंद न पडता एखादा रेडिओ किंवा यूएसबी पोर्ट बंद ठेवतात. तक्रार मात्र ‘वायफाय स्लो आहे’ अशी येते.

पोर्ट एटीचा असूनही वीज कमी मिळत असेल तर स्विचवर एलएलडीपी (जोडलेली उपकरणं एकमेकांना आपली माहिती देतात तो प्रोटोकॉल) चालू आहे का पाहा. काही अ‍ॅक्सेस पॉइंट जास्त वीज त्यावरूनच मागतात.

तीन चालतात, चौथा नाही

स्विचचं सगळ्या पोर्टसाठीचं एकूण विजेचं बजेट संपलं. काही स्विच प्रत्यक्ष वापर न पाहता उपकरणाच्या क्लासप्रमाणे (त्याने सांगितलेल्या वीजगटाप्रमाणे) वीज राखून ठेवतात: क्लास ४ला ३० वॅट. मग ६० वॅटच्या स्विचवर, प्रत्येकी १२ वॅट खाणारे असले, तरी दोनच चालतात. सिस्कोवर ‘शो पॉवर इनलाइन’ ही कमांड दिली की राखलेले वॅट पोर्टनिहाय दिसतात.

केबल

केबलमधली एक तार ब्लेडने खरवडा. आतून चंदेरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची, म्हणजे सीसीए. तिचा रेझिस्टन्स तांब्याच्या सुमारे दीडपट असतो. १० मीटरवर ती चालून जाते, ८० मीटरवर ऐन लोडला व्होल्टेज पाडते. अख्खी तांब्याची कॅट-६ टाका, आणि मग वायफायच्या दोन्ही बँडवर (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) मोठी फाइल उतरवत अर्धा तास चालवून बघा.