आईचा फोन थिजला तेव्हा

गेल्या महिन्यात आईचा अँड्रॉइड फोन व्हॉट्सॲप उघडलेलं असतानाच थिजला. स्क्रीन चालू, पण बोट फिरवलं तरी ढिम्म. बॅटरी काढायची सोय नाही. पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र दाबलं. आधी मी सात-आठ सेकंदांतच सोडत होतो, म्हणून काही होईना. १५ सेकंद धरल्यावर फोन थरथरला, कंपनीचं चिन्ह उमटलं. चिन्ह दिसताच बोटं काढा, नाहीतर भलताच मेनू उघडू शकतो. यात फोटो पुसले जात नाहीत, आईला तीच धास्ती होती.

खरं दुखणं स्टोरेजचं. ६४ जीबीत जेमतेम ३०० एमबी शिल्लक! व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज आणि डेटा’त जाऊन सुप्रभातचे व्हिडिओ उडवले, ९ जीबी मोकळे झाले. तेव्हापासून फोन अडकलेला नाही.