गोठ्यावरचा फोकस आणि हरवलेलं चांदणं: या चुका टाळा

बिबट्याच्या भीतीनं आम्ही गावी गोठ्यावर १०० वॅटचा एलईडी फोकस लावला. समोर लख्ख उजेड झाला, पण गोठ्याच्या कडेला पाऊल कुठं पडतंय ते दिसेना. चांदणं तर गेलंच.

चूक होती ती फोकसच्या तोंडाची. ‘लांबवर पडावा’ म्हणून आपण तो वर उचलून बसवतो. मग बराचसा उजेड आभाळात जातो, उरलेला येणाऱ्याच्या डोळ्यात. वीस-पंचवीस पावलांवर उभं राहा आणि तळहातानं फक्त दिवा झाका. झाकल्यावर अंगण जास्त स्पष्ट दिसलं, तर दिवा चुकीचा बसलाय. पट्टीचे नट सैल करा, काच जमिनीकडे सपाट आणा, पुन्हा आवळा. एक पाना लागतो, बस. पट्टी तेवढी वळत नसेल तर वरून पत्र्याची टोपी ठोका.

दुसरी चूक वॅटची. २०० वॅटचा हॅलोजन काढून १०० वॅटचा एलईडी लावला की बिल निम्मं होतं, उजेड मात्र अडीच-तीनपट वाढतो. तोंड खाली असेल तर अंगणाला १०-१५ वॅट पुष्कळ.

रंगही बघा. दुकानदार ६५०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) पांढराफटक दिवाच पुढे करतो. निळसर उजेड हवेत जास्त विखुरतो, म्हणून खोक्यावर ३००० किंवा त्याहून कमी आकडा असलेला पिवळसर मागा. आणि रात्रभर जाळण्यापेक्षा सेन्सर लावा. कोणी आलं की पेटेल.

‘दिवे काढले तर गाव अंधारात जाईल’ हा ग्रामसभेतला ठरलेला आक्षेप. काढा म्हणतंय कोण? महाराष्ट्रातला पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचं आभाळ अंधारं राखणारं ठिकाण, ठरला, तेव्हा आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून त्यांची तोंडं खाली केली गेली. काजवे दाखवायला पाहुणे बोलावणाऱ्यांनी तर हे आधी करावं. नर काजवा लुकलुकून मादीला खूण करतो. फोकसखाली ती खूण दिसणार कशी?

सगळं करूनही तारे दिसत नाहीत? आधी तिथी बघा, पौर्णिमेच्या आसपास मोजकेच दिसतात. अमावास्येला बाहेर या, वीस-तीस मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या. मध्येच मोबाईल उघडलात तर पुन्हा पहिल्यापासून मोजा. तरीही एकाच दिशेचं आभाळ फिकं दिसत असेल, तर तिकडे कुणाचा हायमास्ट (उंच खांबावरचे मोठे दिवे) जळतोय ते शोधा.